५७ बागा

मे महिन्यातली दुपार. माझी एक विद्यार्थिनी काटोलहून एसटीने नागपूरला आली ती तोंडाला दुपट्टा गुंडाळून, आणि डिपार्टमेंटमध्ये शिरल्याशिरल्या कूलरसमोर जाऊन उभी राहिली. पाणी प्यायली, दुपट्टा सोडला, बॅगेतून एक फोल्डर काढून माझ्यासमोर ठेवलं. "मॅडम, सीव्ही बनवून आणला. तुम्ही एकदा पाहून घ्या ना."

अकरा पानं होती. पहिल्या पानावर फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात प्रवर्ग, वैवाहिक स्थिती, छंद. दुसऱ्यावर दहावीपासूनचे टक्के. तिसऱ्यापासून नवव्या पानापर्यंत सर्टिफिकेटं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये केलेले ४१ वेबिनार, प्रत्येकाचं पूर्ण नाव, आयोजक कॉलेज आणि तारखेसकट. दहाव्या पानावर दोन शोधनिबंध. अकराव्या पानावर अगदी शेवटी एक ओळ : पीएच.डी., वनस्पतिशास्त्र, प्रबंध सादर.

मी पान उलटून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून. मागे कोरं होतं.

एम.एस्सी.ला ती माझ्याकडे होती. पीएच.डी. तिने माझ्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्या सहकाऱ्यांकडे केली, त्यामुळे तिचं काम मी रोज पाहत आले. संत्र्याच्या झाडाला डिंक्या नावाचा रोग होतो. बुंध्याची साल फाटते, तिच्यातून डिंक ओघळतो, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि दोन-तीन हंगामांत झाड वाळून जातं. कारण असतं मातीतली फायटोफ्थोरा. ही खरी बुरशीसुद्धा नाही, बुरशीसारखी दिसणारी वेगळीच जात. आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्याचं पीक जिने कुजवलं तिची ही जवळची नातलग. काळ्या भारी जमिनीत बुंध्याशी पाणी साचलं की ती फोफावते. काटोल-नरखेडच्या पट्ट्यात ज्यांच्या घरी संत्रा आहे, त्यांना हा रोग पुस्तकातून समजून घ्यावा लागत नाही. तिच्या घरची सव्वाशे झाडं यातच गेली होती.

प्रयोगशाळेत ती एक साधी पण फार देखणी पद्धत वापरायची. बागेतली माती पाण्यात कालवून ठेवायची आणि वर संत्र्याच्या कोवळ्या पानांचे छोटे तुकडे तरंगत सोडायचे. मातीत फायटोफ्थोरा असेल तर तिचे पोहणारे बीजाणू पानाच्या कापलेल्या कडेकडे ओढले जातात. तीन-चार दिवसांनी ती कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की बीजाणुधान्या दिसतात, आणि त्यांचा आकार हुबेहूब लिंबासारखा असतो. पहिल्यांदा दिसल्या त्या दिवशी ती मला हाताला धरून ओढत घेऊन गेली होती. "मॅडम, या ना, पाहा ना, लिंबू!" तिचा तो आवाज माझ्या अजून कानात आहे.

अकरा पानांत यातलं काहीच नव्हतं.

"अगं, तू बागाबागांत फिरलीस, ते कुठे आहे?"

"ते कायले लिहू मॅडम? ते तर काम होतं."

सर्टिफिकेट मिळालं ते लिहायचं. काम केलं ते कशाला लिहायचं? तिला यात काही चूक वाटत नव्हती. गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर जेवढे सीव्ही आले, त्यातल्या बहुतेकांमागे मला हाच समज दिसला. मुलं खोटं लिहीत नाहीत, फुगवून लिहिणारीही थोडीच. ज्याचा कागद मिळाला नाही ते घडलंच नाही, असं धरून ती लिहितात.

त्या वेबिनारांना मी नावं ठेवणार नाही. गावात रेंज नव्हती म्हणून ही मुलगी धुऱ्यावरच्या निंबाखाली बसून मोबाइलवर तासन् तास ती व्याख्यानं ऐकायची, शेवटची प्रश्नावली भरायची आणि मेलवर येणारं सर्टिफिकेट जपून ठेवायची. सगळं बंद असताना आपलं शिक्षण थांबू नये म्हणून केलेली ती धडपड होती, आणि मला तिचा आदर आहे. पण त्या ४१ नोंदींनी सात पानं अडवली होती, आणि जिच्यासाठी कोणी तिला बोलावेल ती गोष्ट कागदावर आलीच नव्हती.

आपल्याकडे याला बरीच वर्षं बायोडाटाच म्हणत. लग्नाचाही बायोडाटा आणि नोकरीचाही बायोडाटा, त्यामुळे उंची, वर्ण, भावंडं आणि छंद इकडून तिकडे सहज ये-जा करतात. करिक्युलम व्हिटे या लॅटिन शब्दांचा अर्थ आयुष्याची धाव, आयुष्याचा मार्ग. अभ्यासक्रमाला आपण करिक्युलम म्हणतो तो हाच शब्द. मराठीत जीवनवृत्त असा शब्द आहे आणि मला तो मनापासून आवडतो, कारण वृत्त म्हणजे घडलेली गोष्ट, वृत्त म्हणजे बातमी आणि वृत्त म्हणजे कवितेचा छंदही. जे घडलं ते मापात सांगायचं, हे त्या एका शब्दात आलं आहे.

माझा पहिला बायोडाटा मी २००६ साली केला. रविवारच्या पेपरात जाहिरात यायची, बाबा ती ब्लेडने कापून डायरीत ठेवायचे. मग सीताबर्डीच्या बाजारात जाऊन अर्ज टाइप करून घ्यायचा, मार्कशीटांच्या झेरॉक्स काढायच्या, पाच संच करायचे. तेव्हा स्वतःच्या सहीने साक्षांकन चालत नसे. राजपत्रित अधिकारी शोधायचा, त्यांच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसून राहायचं, आणि त्यांनी प्रत्येक पानावर शिक्का मारून सही केली की जीव भांड्यात पडायचा. त्या दिवसांत मला अर्ज म्हणजे ते शिक्केच वाटत. शिक्का नसलेला एकही कागद त्या संचात नव्हता. माझी ही विद्यार्थिनी वेगळं काय करत होती?

बाबांनी माझा तो बायोडाटा वाचला होता. मी एका वाक्यात लिहिलं होतं की एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी अंबाझरी तलावाच्या काठावरच्या वनस्पतींची वर्षभर नोंद केली. बाबांनी पेन्सिलीने त्या वाक्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, "हे आपल्या तोंडानं कशाला सांगायचं? विचारतील तेव्हा सांग." बाबा फार सरळ मनाचे होते. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये हे त्यांनी आयुष्यभर पाळलं, आणि ते संस्कार मला आजही मोलाचे वाटतात. मी ते वाक्य काढून टाकलं. मुलाखतीत कोणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? त्यांच्यासमोरच्या कागदावर ते नव्हतंच.

केलेलं काम सांगणं आणि स्वतःची आरती ओवाळणं या दोन गोष्टी एकच नाहीत, हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागली. "मी अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक आणि समर्पित आहे" हे स्वतःचं कौतुक झालं, आणि गंमत म्हणजे तेच वाक्य सगळे जण न लाजता करिअर ऑब्जेक्टिव्ह म्हणून पहिल्या पानावर टाकतात. "वर्षभर दर पंधरा दिवसांनी तलावाच्या काठावर जाऊन वनस्पतींची नोंद केली" हे कौतुक नव्हे, हिशेब आहे. तो वाचणाऱ्याला तपासता येतो, आणि त्यावरून पुढचा प्रश्न विचारता येतो. बाबा आज असते तर हे मी त्यांना सांगितलं असतं, आणि मला वाटतं त्यांना पटलं असतं.

मुलांच्या डोक्यात हे उलटं का बसलं, याचं एक कारण आपल्याकडच्या तक्त्यांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवारांची चाळणी करायला गुण ठरवून दिले आहेत. विद्यापीठातल्या जागेसाठी पीएच.डी.ला ३०, महाविद्यालयातल्या जागेसाठी २५. सेट या राज्य पात्रता परीक्षेला विद्यापीठात ३ आणि महाविद्यालयात ५. प्रत्येक शोधनिबंधाला २, पण विद्यापीठात जास्तीत जास्त १० आणि महाविद्यालयात जास्तीत जास्त ६. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, तेही १० पर्यंतच. सगळ्यांची बेरीज १००. आणि त्याच नियमांत हेही लिहिलं आहे की ही बेरीज फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरती.

हजारो अर्ज आले तर चाळणी लागणारच, आणि चाळणीला आकडाच लागतो. तक्ता भरायचा तो काळजीपूर्वक, एकेका गुणाचा पुरावा जोडून. माझी तक्रार वेगळी आहे. वर्षानुवर्षं तो तक्ता भरता भरता मुलं स्वतःकडे त्याच रकान्यांतून पाहायला लागतात. तीन वर्षं बागा पालथ्या घातल्या त्याला रकाना नाही, म्हणून ते काम तिच्या स्वतःच्या नजरेतून उतरतं. सीव्ही हा तक्त्याचा दुसरा खर्डा नव्हे. तक्ता झाल्यावर जो माणूस समोर बसणार आहे, त्याच्यासाठी तो लिहायचा असतो.

त्या तक्त्यापायी मी स्वतः एक चूक केली आहे, ती इथे लिहायलाच हवी. २०१५ साली एका नियतकालिकात मी १,८०० रुपये भरून निबंध छापून आणला. पाठवल्यापासून सहाव्या दिवशी स्वीकारल्याचा मेल आला, एकही दुरुस्ती सुचवलेली नव्हती. निबंधातली निरीक्षणं खरी होती, माझीच होती. पण ती कोणी तपासली नव्हती, आणि तपासली नाहीत हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी तो निबंध तीन वर्षं सीव्हीत ठेवला. मे २०१८ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांच्या आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली, तेव्हा मी रात्री बसून ती यादी शोधत होते. पुढे २०१९ मध्ये आयोगाचीच केअर नावाची नवी यादी आली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली आणि चांगलं नियतकालिक कोणतं हे ठरवायची जबाबदारी संस्थांवर आली. याद्या येतील आणि जातील. त्या निबंधावर मुलाखतीत कोणी बोट ठेवलं तर आपण खाली पाहणार, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून मी तो काढला. तेव्हापासून सीव्हीतली प्रत्येक ओळ मी याच कसोटीवर घासते : हिच्यावर कोणी दहा मिनिटं विचारलं तर मला मान वर करून बोलता येईल का?

तर त्या दुपारी आम्ही दोघी बसलो. मी तिला म्हटलं, लॅपटॉप बंद कर. इंग्रजी बाजूला ठेव. तुझ्या आत्याला सांगशील तसं मला सांग, या चार वर्षांत काय काय केलंस.

आधी ती अडखळली, मग सुरू झाली. सकाळी सहाची एसटी. खुरपं, प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलचा डबा आणि त्यात घरच्या फ्रिजमधला बर्फ. प्रत्येक बागेत पाच झाडं निवडायची, बुंध्यापासून हातभर अंतरावर वरची माती बाजूला सारून मुळांजवळची माती घ्यायची. शेतकऱ्याशी बोलायचं : खुंट जंबेरीचा आहे की रंगपूर लिंबाचा, पाणी कसं देता, कलमाचा डोळा मातीच्या वर आहे की गाडला गेला आहे, बहार आंबिया घेता की मृग. पहिल्या वर्षी काही जणांनी बागेत येऊ दिलं नाही. पोरगी एकटी कायले फिरून राहिली, म्हणून तिच्या बाबूजींकडे निरोप गेला. मग पुढच्या आठवड्यात बाबूजीच मोटरसायकल घेऊन सोबत निघाले. दुसऱ्या वर्षी शेतकरीच फोन करू लागले : ताई, आमच्या बागेत येऊन पाहा ना.

"किती बागा झाल्या?"

तिने बोटांवर तालुके मोजले. काटोल, नरखेड, कळमेश्वर, आणि अमरावती जिल्ह्यातलं वरुड. "५७, मॅडम."

"आणि शेतकऱ्यांना पुढे काय दिलंस?"

तेव्हा ती म्हणाली की ज्यांच्या मातीत रोग सापडला त्यांच्यासाठी तिने एक चार पानांची पत्रिका लिहिली होती, आपल्या वऱ्हाडी बोलीत. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं कसं करायचं, आणि बोर्डो मलम कसं बनवायचं : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे तिने स्वतःच्या पैशांनी तीनशे प्रती काढल्या. ही पत्रिका मी चार वर्षांत पहिल्यांदा पाहत होते. तिच्या बॅगेत तळाला एक घडी पडलेली प्रत होती.

मी ती प्रत वाचत बराच वेळ गप्प बसले. आपली विद्यापीठं कशासाठी आहेत, असं कोणी मला विचारलं तर मी ती चार पानं त्याच्या हातात ठेवीन. आमचं नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला स्थापन झालं. त्या शंभर वर्षांत इथे शिकून गेलेल्या किती जणांनी आपल्या गावासाठी असं काही केलं असेल, आणि त्यातलं किती कुठल्याच कागदावर आलं नसेल!

बाहेरच्या जगातही हा विचार सुरू झाला आहे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत संशोधन नियतकालिकांच्या संपादक-प्रकाशकांनी एक जाहीरनामा तयार केला, डोरा या नावाने तो ओळखला जातो. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टरवरून, माणसाचं मोल ठरवू नका, काम वाचा, असं त्याचं म्हणणं आहे. २०१९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने सीव्हीचा एक वेगळा नमुना पुढे ठेवला. त्यात याद्यांऐवजी चार गोष्टी वाक्यांत सांगायच्या : ज्ञानात काय भर घातली, माणसं घडवायला काय केलं, संशोधकांच्या समूहासाठी काय केलं आणि समाजाला काय दिलं. मी हे तिला सांगितलं तेव्हा तिने ती पत्रिका पुन्हा हातात घेतली, घडी नीट केली आणि विचारलं, "म्हणजे ही चालते?"

मग लिहायला लागलो. अकराची चार पानं झाली. शिक्षण वर आलं, आणि त्यातही पीएच.डी. सगळ्यात आधी, दहावी शेवटी. प्रबंध सादर केल्याची तारीख टाकली आणि मौखिक परीक्षा बाकी असल्याचं स्पष्ट लिहिलं. त्याखाली प्रबंधाचा सारांश पाच ओळींत. छापून आलेले शोधनिबंध दोन होते. एकात तिचं नाव पहिलं, दुसऱ्यात तिसरं. लेखकांचा क्रम छापला आहे तसाच ठेवला, तिचं नाव फक्त ठळक केलं. तिसऱ्या निबंधापुढे तिने "कम्युनिकेटेड" असं लिहिलं होतं. हा शब्द आपल्याकडे फार चालतो आणि त्यातून काहीच कळत नाही. पाठवला आहे, परीक्षकांकडे आहे, स्वीकारला आहे, छपाईत आहे, या चार वेगळ्या अवस्था आहेत. तिचा परीक्षकांकडे होता, तेवढंच लिहिलं. वेबिनार ४१ पैकी तीन ठेवले, जे तिच्या विषयाचे होते आणि ज्यांतली पद्धत तिने पुढे वापरली.

फोटो, वैवाहिक स्थिती आणि वडिलांचं नाव काढताना तिचा हात थांबला. मी सांगितलं, कॉलेजच्या विहित नमुन्यातला अर्ज वेगळा. तिथे जन्मतारीख, प्रवर्ग, सगळं विचारतात, तिथे ते द्यायचंच. पण नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, कापूस संशोधन संस्था आहे, पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आहे. अशा ठिकाणच्या प्रकल्पात काम मागायला किंवा परदेशातल्या प्रयोगशाळेला लिहायला जो सीव्ही जातो, त्यात तुझं लग्न झालं की नाही हे सांगायचं कारण नाही. "मग बाबूजींचं नाव कुठेच नाही येणार?" तिने विचारलं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ते पहिलंच आहे, हे मी तिला आठवून दिलं.

शिकवण्याच्या अनुभवावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. दोन वर्षं ती एका ग्रामीण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. तिने लिहिलं होतं : सीएचबी, दोन वर्षं. तासिकेवरच्या माणसाला आपला अनुभव हा अनुभवच वाटत नाही, कारण त्याला कायम कोणीतरी जाणवून दिलेलं असतं की तू इथला नाहीस. मी स्वतः तासिकेवर नऊ वर्षं काढली आहेत. एका कॉलेजात स्टाफरूममधल्या खुर्च्यांवर कायम शिक्षकांची नावं लिहिलेली होती आणि आम्ही ग्रंथालयात बसायचो, हे मी विसरलेले नाही. म्हणून मी तिला खोदून विचारलं. कोणते वर्ग, कोणते पेपर, आठवड्याला किती तास? तेव्हा बाहेर आलं की बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बारावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेली मुलं होती, इंग्रजी पुस्तक पाहून गळाठत होती, आणि तिने पेशीविभाजनाचं अख्खं प्रकरण त्यांना गव्हाच्या ओंबीची आणि कांद्याच्या मुळाची उदाहरणं देत आधी मराठीत शिकवलं, मग इंग्रजी संज्ञांची एक वही करून घेतली. दोन ओळी झाल्या त्याच्या. माझ्या मते त्या पानावरच्या सगळ्यात वजनदार ओळी त्याच आहेत.

तिच्या सीव्हीत २०२३ मध्ये आठ महिने रिकामे होते. आईचं ऑपरेशन होतं, घर तिच्यावर होतं. ते तिला दडवायचं होतं, आणि का ते मला समजत होतं. माझ्याही आयुष्यात २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं आहेत. आईचा आजार, मेडिकल हॉस्पिटलच्या फेऱ्या, रात्री तिच्या खाटेजवळ जमिनीवर अंथरलेली सतरंजी. नंतर एका मुलाखतीत समितीतल्या एकाने विचारलं, "या दोन वर्षांत तुम्ही केलं काय?" मी म्हटलं, "घरीच होते." त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. ते उत्तर मला अजून टोचतं. माझ्या आईची शेवटची दोन वर्षं मी "घरीच होते" या दोन शब्दांत गुंडाळली. मी तिला सांगितलं, एक ओळ लिही, कौटुंबिक जबाबदारीमुळे विराम, महिने आणि वर्ष. पुढे काही स्पष्टीकरण नको, मागे माफी नको.

शेवटी संदर्भासाठी नावं. तिने तीन मोठ्या प्राध्यापकांची नावं टाकली होती. एकालाही विचारलं नव्हतं. "सरांना कसं विचारू जी मॅडम, त्यांना वेळ राहत नाही." पण न विचारता नाव दिलं आणि त्यांना अचानक मेल गेला तर ते काय लिहिणार? ज्याने तुला काम करताना पाहिलं आहे तोच तुझ्याबद्दल चार वाक्यं लिहू शकतो, मग तो कितीही लहान पदावर असो. ती उठून शेजारच्या खोलीत गेली, तिच्या गाइडना विचारून आली. ते म्हणाले, "तुम्ही विचाराल म्हणून मी वाटच पाहत होतो." तिला हे आश्चर्य वाटलं, मला नाही. आपल्याकडे शिक्षक विद्यार्थ्यांनी विचारायची वाट पाहतात आणि विद्यार्थी शिक्षकांच्या वेळेची. दोघंही संकोचातच राहतात.

साडेपाचची गाडी धरायची म्हणून ती निघाली. दुपट्टा पुन्हा गुंडाळला, फोल्डर बॅगेत ठेवलं, पत्रिकेची ती घडी पडलेली प्रत मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेली.

रात्री पावणेअकराला फोन आला.

"मॅडम, झोपल्या नव्हत्या ना? सीव्ही पाठवून देत होती आणि एक आठवलं. ५७ नाही. ५४."

"म्हणजे?"

"गेलो आम्ही ५७ बागांत. पण वरुडहून परत येताना बाबूजींची गाडी पंक्चर झाली होती, दोन तास उन्हात उभं राहिलो. बर्फ पाणी पाणी झाला. त्या दिवशीच्या तीन बागांच्या मातीतून काहीच वाढलं नाही. ती माती तापून गेली होती. प्रबंधात ५४ आहेत." थोडं थांबून ती म्हणाली, "कोणी विचारलं तर मी ५७ बागांचं सांगू शकते मॅडम, सगळ्यांची नावं पाठ आहेत. पण तपासल्या ५४."

"मग जसं झालं तसं लिही," मी म्हटलं.

सकाळी मेल उघडला तेव्हा दुसऱ्या पानावर ती ओळ होती : काटोल, नरखेड, कळमेश्वर व वरुड तालुक्यांतील ५७ संत्राबागांना भेटी, त्यांपैकी ५४ बागांतील मातीची तपासणी.